बीड रोडवरचा ट्रक

१९९३ साल म्हटलं की मराठवाड्यातला माणूस किल्लारी सांगतो. ते बरोबरच आहे. ३० सप्टेंबरच्या पहाटेच्या भूकंपाने हजारो माणसं नेली आणि त्या वर्षातलं बाकी सगळं झाकोळून टाकलं. त्यात २६ एप्रिलचा सोमवारही झाकला गेला. त्या दिवशी भर दुपारी इंडियन एअरलाइन्सचं बोइंग विमान औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघालं. जेमतेम जमीन सोडली, तोच धावपट्टीच्या टोकाबाहेरच्या बीड रोडवरून चाललेल्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला ते धडकलं. पुढे उच्च दाबाच्या तारा लागल्या आणि विमान जमिनीवर कोसळून पेटलं. आत ११८ माणसं होती. त्यांतली ५५ गेली, ६३ वाचली.

विमान ट्रकला धडकून पडलं, हे वाक्य कोणत्याही देशात उच्चारलं तर ऐकणारा एकदा थांबून तोंडाकडे बघेल. आपल्याकडे ते खरं आहे, आणि घडलं ते जालन्याच्या वाटेवर.

जालना जिल्हा १ मे १९८१ ला औरंगाबादपासून वेगळा झाला. जिल्हाधिकारी कार्यालय आलं, जिल्हा परिषद आली, विमानतळ मात्र औरंगाबादकडेच राहिला. जालन्याचा विमानतळ म्हणजे चिकलठाणा, तेव्हाही आणि आजही. जालना रोडने साठेक किलोमीटरवरच्या औरंगाबादला निघालं की शहर सुरू व्हायच्या आधीच तो लागतो. धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पूर्वेकडे उडणारं विमान जालन्याकडे नाक करूनच उडतं. त्या दुपारी हे विमान, म्हणजे आयसी ४९१ ही फेरी, तसंच उडालं होतं.

ही फेरी दिल्लीहून सुटायची आणि जयपूर, उदयपूर, औरंगाबाद करत मुंबईला जायची. गुलाबी शहर, तलावांचं शहर आणि अजिंठा-वेरूळ एकाच तिकिटाच्या ओळीत, म्हणजे पर्यटकांसाठीच आखलेला मार्ग. पण शेवटचा टप्पा मराठवाड्याच्या कामाचा होता. जालन्यात तेव्हा बियाण्यांचा धंदा चांगला मूळ धरून होता. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली महिको कंपनी देशभर पोचली होती. जिनिंग-प्रेसिंग होतं, लोखंडाच्या रोलिंग मिल होत्या. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण गावाने उगाच मिरवलेली नाही. या धंद्यांतल्या माणसाला मुंबईत तातडीचं काम निघालं आणि खिसा परवानगी देत असला, तर चिकलठाणा गाठायचं. नाहीतर एसटी आणि रेल्वे होतीच.

देशात त्या दिवसांत विमानाचं नाव काढलं की लोक धास्तावत. १९९२ च्या डिसेंबरपासून इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप चालू होता. म्हणून उझबेकिस्तानकडून भाड्याने आणलेली टुपोलेव विमानं चालवली, तर त्यांतलं एक ९ जानेवारी १९९३ ला दिल्लीत धुक्यात उतरताना उलटं होऊन जळालं. आतले सगळे वाचले, हे नशीब. मार्चच्या १२ तारखेला मुंबईत बॉम्बस्फोट झाले. २४ एप्रिलला इंडियन एअरलाइन्सच्याच विमानाचं अपहरण झालं. मध्यरात्र उलटून २५ तारीख लागल्यावर अमृतसरच्या धावपट्टीवर कमांडो आत शिरले, अपहरणकर्ता मारला गेला आणि प्रवासी सुखरूप सुटले. ती सुटकेची बातमी छापलेली वर्तमानपत्रं अजून रद्दीत गेली नव्हती, तोवर औरंगाबादची बातमी आली.

विमान पडलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती जुनं होतं?

हे होतं बोइंग ७३७-२००, नोंदणी व्हीटी-ईसीक्यू, बांधणी १९७४ ची. म्हणजे एकोणीस वर्षांचं. पंखांच्या पोटाला सिगारसारखी लांब, बारीक इंजिनं चिकटवलेली, कानठळ्या बसवणारी ती जुनी बोइंगं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना चेहरा आठवेल. एकोणीस वर्षं हे वय एसटीच्या गाडीला म्हातारपण आहे. विमानाला? हा प्रश्न नीट सोडवायला हवा, कारण एका अपघातात त्याचं उत्तर ‘हो’ असं आलेलं आहे.

औरंगाबादच्या पाच वर्षं आधी, २८ एप्रिल १९८८ रोजी, हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सचं विमान आकाशात असताना त्याच्या पुढच्या भागाचं छत उडून गेलं. प्रवासी पट्टे बांधून उघड्या आभाळाखाली बसलेले, आणि वैमानिकांनी ते तशा अवस्थेत उतरवलं. एक हवाई सुंदरी बाहेर फेकली जाऊन गेली, बाकी सगळे वाचले. तेही बोइंग ७३७-२००च होतं आणि तेही एकोणीस वर्षांचं, १९६९ चं. पण बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्यांमुळे त्याची ८९,६८० उड्डाणं झाली होती. प्रत्येक उड्डाणात आत हवा भरून दाब वाढतो आणि उतरताना कमी होतो. विमानाचं अंग दर वेळी किंचित फुगतं आणि पूर्ववत होतं. पातळ तार पुन्हा पुन्हा वाकवली की एका वेळी तुटते, तसं रिव्हेटांच्या भोवती बारीक चिरा पडत जातात. त्यात समुद्राची खारी हवा. विमानाचं वय वर्षांत मोजायचं नसतं, फेऱ्यांत मोजायचं असतं, हा धडा जगाने त्या अपघातातून घेतला आणि जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम बदलले.

म्हणजे जात तीच, वय तेच. त्यामुळे औरंगाबादच्या विमानाकडे बोट दाखवणं सोपं होतं. चौकशीने मात्र ते बोट दुसरीकडे वळवलं.

चौकशीत दोन कारणं नोंदली गेली. पहिलं, वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा उचललं आणि चुकीच्या पद्धतीने उचललं. दुसरं, उड्डाणांच्या वेळेत बीड रोडवरच्या वाहतुकीचं नियमन करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरलं. विमानाच्या वयाचं नाव या दोन्हींत नाही.

आधी पहिलं कारण. धावपट्टीवर विमान धावू लागलं की वेगाचे काही आकडे आधीच काढलेले असतात. वजन, तापमान, वारा, धावपट्टीची लांबी यांवरून प्रत्येक उड्डाणाला ते वेगळे निघतात. एक वेग असा, की त्यापुढे उड्डाण रद्द करायचं नाही, काही झालं तरी उडायचंच. त्याच्या पुढचा वेग नाक उचलायचा. तो आला की वैमानिक दांडा मागे ओढतो, एका ठरावीक गतीने नाक वर जातं, पंख हवेला पुरेशा कोनात भिडतात आणि चाकं जमीन सोडतात. घाई केली तर शेपटी घासते. संकोच केला तर विमान धावतच राहतं.

या वेळी विमानाचा वेग असतो ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. सेकंदाला ७० मीटर. एक सेकंद उशीर म्हणजे धावपट्टीचे ७० मीटर गेले. दोन सेकंद म्हणजे १४०.

आता यात आपला उन्हाळा मिसळा. एप्रिल संपताना मराठवाड्यात दुपारी पारा चाळिशीला टेकलेला असतो. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे. तापलेली हवा विरळ असते, उंचावरची आणखी विरळ. विरळ हवेत इंजिनाचा जोर घटतो आणि पंखांना मिळणारी उचलही घटते. त्याच वजनाला जास्त वेग लागतो, जास्त वेगाला जास्त धाव लागते. मुंबईत जानेवारीच्या पहाटे जे विमान लीलया उठेल, तेच इथे एप्रिलच्या दुपारी एक वाजता धावपट्टीचा बराचसा भाग खाऊन मगच उठेल. त्या विमानाने जवळजवळ सगळी धावपट्टी खाल्ली.

तरीही ते उठलं होतं. हे ध्यानात ठेवायला हवं. चाकांनी जमीन सोडली होती.

धावपट्टी संपल्यापासून सुमारे ४१० फुटांवर, म्हणजे १२५ मीटरवर, बीड रोड आडवा जात होता. त्यावरून उत्तरेकडून दक्षिणेकडे दाबलेल्या गाठींचा ट्रक चालला होता. विमानाची डाव्या बाजूची मुख्य चाकं, डाव्या इंजिनाच्या आवरणाचा खालचा भाग आणि उतरताना वेग मोडायला लागणारी त्याच इंजिनाची उलट-जोराची यंत्रणा ट्रकच्या डाव्या अंगावर आदळली. रस्त्यापासून उंची जवळपास सात फूट.

सात फूट! भरलेल्या कापसाच्या ट्रकची उंची जालन्यात कोणाला सांगायला नको. कच्चा कापूस असो की दाबलेल्या गाठी, माल हौद्याच्या फळ्यांवर चढतोच आणि वर दोरखंड आवळले जातात. दाबलेली एक गाठ साधारण १७० किलोची. सरकी काढून, रुई दाबून, पट्ट्या आवळून ती बाहेर पडते तेव्हा कापूस हा मऊ पदार्थ उरलेला नसतो. अशा कित्येक गाठी एकावर एक रचलेला ट्रक म्हणजे चालती भिंत. त्या काळी राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना चालू होती, १९७२ पासून. मराठवाड्यातल्या रस्त्यांवर हंगामात आणि हंगाम सरल्यावरही कापूस आणि गाठी यांचीच रहदारी असे. बीड रोडवर गाठींचा ट्रक येणं हा योगायोग म्हणायचा नाही. तो तिथे रोजच येणार होता. त्या क्षणी आला, एवढाच योगायोग.

धडकेनंतर विमान लगेच पडलं नाही. डावी बाजू घायाळ झालेलं ते ईशान्येकडे रेटत राहिलं आणि सुमारे तीन किलोमीटरवर उच्च दाबाच्या तारांना लागलं. मग संपलं. तीन किलोमीटर म्हणजे पाऊण मिनिट, फार तर थोडं अधिक. त्या वेळेत आतल्या माणसांना काय कळलं असेल, यावर कल्पना लढवण्यात मला अर्थ वाटत नाही. ६३ जण त्यातून बाहेर आले, हीच थक्क करणारी गोष्ट आहे.

चूक वैमानिकांची, असं म्हणून पुष्कळांनी फाईल मिटली. चूक होतीच, चौकशीत ती पहिल्या क्रमांकावर आहे आणि तिला पांघरूण घालायचं कारण नाही. पण मला त्या अहवालातलं दुसरं कारण अधिक जड वाटतं. पहिली चूक काही सेकंदांची होती. दुसरी वर्षानुवर्षं रोज दुपारी घडत होती, ऊन-पाऊस न बघता, प्रत्येक विमानाच्या वेळी. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं, कारण रोज विमान ट्रकच्या वरून जात होतं.

अशा वेळी रस्ता अडवून ठेवायला हवा, हे रेल्वेला कितीतरी आधी कळलं. गाडी येणार म्हटलं की फाटक पडतं, गेटमन झेंडा घेऊन उभा राहतो, बैलगाडीपासून आमदारांच्या गाडीपर्यंत सगळे थांबतात. जगात विमानासाठीही अशी फाटकं आहेत. जिब्राल्टरमध्ये शहराचा मुख्य रस्ताच धावपट्टीला छेदून जातो. तिथे दशकानुदशकं विमान आलं की रस्त्यावर अडसर पडत असे आणि लोक स्कूटर बंद करून उभे राहत. २०२३ मध्ये बोगदा झाला आणि वाहनं त्यातून जाऊ लागली. अडसर टाकायला लागते एक दांडी, एक माणूस आणि विमानतळाच्या मनोऱ्यातून एक फोन. बीड रोडवर त्या दुपारी एवढंच हवं होतं.

जुन्या विमानाच्या अपघाताचा आणखी एक दाखला घेतो, कारण तिथे ‘जुनं’ हा शब्द खरोखर शोभतो. स्वित्झर्लंडमध्ये ४ ऑगस्ट २०१८ रोजी युंकर्स जेयू-५२ जातीचं तीन इंजिनांचं विमान पिझ सेग्नास शिखराजवळ कोसळलं. बांधणी १९३९ ची, वय ७९ वर्षं. नाळीदार पत्र्याच्या अंगाचं हे विमान स्विस हवाई दलाने वापरलं, १९८० च्या दशकात ते निवृत्त झाल्यावर हौशी मंडळींच्या संस्थेने ते प्रवाशांना डोंगर दाखवायला ठेवलं. त्या दिवशी दक्षिणेच्या सफरीवरून परतताना १७ प्रवासी आणि ३ कर्मचारी, सगळे गेले.

सगळ्या जगाने एकच म्हटलं: म्हातारं विमान, दुसरं काय होणार! अडीच वर्षांनी स्विस तपास यंत्रणेचा अहवाल आला. विमानात गंज होता, देखभालीत ढिसाळपणा होता, नियमांच्या दृष्टीने ते उड्डाणयोग्य नव्हतंच. पण अपघात त्यामुळे झाला नाही. दोन अनुभवी वैमानिकांनी ते अरुंद दरीत नको इतकं खाली नेलं, जिथून वळून परतायला जागा नव्हती. भार मागे सरकलेला होता, हवेत डोंगराच्या कडेचे भोवरे होते, आणि विमानाचा ताबा गेला. अशा बेदरकार सफरी त्या संस्थेत नव्या नव्हत्या आणि देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाने त्यांकडे काणाडोळा केला होता. ७९ वर्षांचं यंत्र निर्दोष नव्हतं, तरी गुन्हेगार दुसरेच निघाले.

आपल्या राज्याची यादी चाळली तरी वय आणि अपघात यांची जोडी जमत नाही. १२ डिसेंबर १९५३ ला नागपूरहून उडालेलं रात्रीच्या टपालसेवेचं डाकोटा पडलं आणि १३ जण गेले. डाकोटा हे युद्धकाळातलं यंत्र, इंजिनाचा जोर गेला होता. इथे यंत्र दोषी. ७ जुलै १९६२ ला जुन्नरच्या डोंगरात अलितालियाचं डीसी-८ आदळलं, ९४ जण गेले. ते विमान त्याच वर्षी ताफ्यात आलेलं, अगदी कोरं. मुंबईकडे येताना आपण कुठे आहोत याचा अंदाज चुकला आणि ते वेळेआधी खाली आलं. १२ ऑक्टोबर १९७६ ला मुंबईत कॅरव्हेल जातीचं विमान जळालं, ९५ जण गेले. इंजिनातली फिरती चकती धातू थकल्याने फुटली होती. तिथे पुन्हा यंत्र. आणि राज्याबाहेर जायचं तर २२ मे २०१० चं मंगळूर: पुढच्या पिढीचं ७३७-८००, दोन-अडीच वर्षांचं, १५८ मृत्यू. उतरायला उशीर केला आणि धावपट्टीपलीकडे दरी होती.

मंगळूर आणि औरंगाबाद एकमेकांशेजारी ठेवून बघावेत असं मला वाटतं. एक उतरताना, एक उडताना. एक नवं, एक जुनं. दोन्हीकडे वैमानिकाने धावपट्टी वाया घालवली आणि दोन्हीकडे धावपट्टी संपल्यावर चूक पोटात घ्यायला जमीनच नव्हती. मंगळूरला दरी होती, आपल्याकडे ट्रक. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला पुन्हा पठारावरची धावपट्टी, पुन्हा दरी, २१ मृत्यू.

म्हणूनच आज आंतरराष्ट्रीय नियम धावपट्टीच्या टोकापलीकडची जागा मोजतो. मोठ्या विमानांच्या धावपट्टीला टोकानंतर ६० मीटरची सपाट पट्टी लागते आणि तिच्यापुढे निदान ९० मीटर सुरक्षा क्षेत्र. मिळून १५० मीटर. शिफारस तर त्या सुरक्षा क्षेत्रासाठी २४० मीटरची आहे. तिथे भिंत नको, खड्डा नको, खांब नको. बीड रोडवरचा ट्रक १२५ मीटरवर होता. आजच्या किमान नियमातही तो रस्ता बसत नाही.

राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण १ एप्रिल १९९५ ला आंतरराष्ट्रीय विमानतळांच्या प्राधिकरणात विलीन होऊन भारतीय विमानतळ प्राधिकरण झालं. इंडियन एअरलाइन्स पुढे एअर इंडियात विरली. ७३७-२०० भारतातल्या प्रवासी सेवेतून गेली. शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. चिकलठाण्याची धावपट्टी लांबली, नवी इमारत झाली, आणि आता आणखी लांबीसाठी भूसंपादनाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. जालन्याच्या शेजारून समृद्धी महामार्ग गेला. त्यावरून तासाभराच्या आत चिकलठाण्याच्या आसपास पोचता येतं. गाठींचे ट्रक अजून धावतात, फक्त मोठे झालेत.

विस्ताराचा विषय निघाला की चर्चा तीन गोष्टींभोवती फिरते: मोबदला किती, मोठी विमानं कधी, दुबईची फेरी मिळणार का. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. ज्यांची जमीन जाते त्यांनी पहिला विचारलाच पाहिजे. चौथा प्रश्न कोणी विचारत नाही.

जालन्याच्या, बदनापूरच्या, करमाडच्या आणि चिकलठाण्याच्या वाचकांना म्हणून एक विनंती आहे. विमानतळाच्या विस्ताराबद्दल पुढची बैठक होईल, निवेदनं दिली जातील, लोकप्रतिनिधी पाहणीला येतील, तेव्हा नकाशा मागा. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपलीकडे सुरक्षा क्षेत्र किती मीटर आहे, त्याच्यापुढे कोणता रस्ता जातो, विजेच्या तारा किती अंतरावर आहेत आणि त्या जमिनीखाली कधी जाणार, हे लेखी मागा. उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क दहा रुपये आहे.